मुलाचा कौल आणि मुलाचे मन : ताब्याच्या प्रश्नावरील तीन कलाकृतींचा विचार

प्रस्तावना

आईवडील विभक्त झाले की मेहर आणि पोटगीचा हिशोब होतो, सामानाची वाटणी होते आणि शेवटी मुलाचा प्रश्न उरतो. नातेवाईक, जमातीतील वडीलधारी मंडळी, वकील, समुपदेशक आणि न्यायाधीश या सर्वांकडून मुलाला कधी ना कधी एकच प्रश्न विचारला जातो : ‘तुला कोणाकडे राहायचे आहे?’ विचारणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. मुलाचे मत घेतले, त्याच्यावर काही लादले नाही, असे समाधानही त्याला मिळते. मात्र ज्याला हा प्रश्न विचारला जातो त्याच्या मनात त्या क्षणी काय चालते, याची नोंद खटल्याच्या कागदपत्रांत क्वचितच सापडते. ती नोंद करण्याचे काम साहित्याने आणि चित्रपटाने केले आहे.

प्रस्तुत लेखात बर्टोल्ट ब्रेख्त यांचे ‘द कॉकेशियन चॉक सर्कल’ हे नाटक, मन्नू भंडारी यांची ‘आपका बंटी’ ही हिंदी कादंबरी आणि असगर फरहादी यांचा ‘जुदाई-ए-नादिर अज सीमीन’ हा फारसी चित्रपट या तीन कलाकृतींचा विचार केला आहे. तिन्हींच्या केंद्रस्थानी ताब्याचा प्रश्न आहे. पहिल्या कलाकृतीत मुलाला काही विचारलेच जात नाही. दुसरीत मूल स्वतःहून बोलते, पण मोठी माणसे त्याचे शब्द तेवढे ऐकतात. तिसरीत न्यायालय मुलीला रीतसर विचारते आणि तिचे उत्तर मात्र प्रेक्षकाला कळत नाही. मुलाचे म्हणणे ऐकणे ही एक गोष्ट आहे आणि मुलाकडून निकाल मागणे ही दुसरी. या दोहोंतील फरक या कलाकृती कितपत दाखवतात, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. त्याआधी या प्रश्नाविषयी धर्मशास्त्र आणि कायदा काय म्हणतात हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण कलाकृतींतील पेच त्यामुळे अधिक स्पष्ट होतो.

शास्त्र आणि कायदा

इस्लामी फिकहमध्ये मुलाच्या संगोपनाला हिजानत म्हणतात आणि त्याच्या मालमत्तेच्या व कायदेशीर पालकत्वाला विलायत म्हणतात. लहान वयात हिजानतीचा पहिला हक्क आईचा आहे, याविषयी फकिहांमध्ये सामान्यतः एकमत आहे. मतभेद आहे तो मूल जाणते झाल्यावर, म्हणजे तमीजच्या वयानंतर काय करावे, याविषयी. हे वय साधारण सात वर्षांचे मानले जाते.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली एक रिवायत आहे. एक स्त्री पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार घेऊन आली. पती मुलाला घेऊन जाऊ पाहतो आणि मुलगा तर आपल्याला विहिरीचे पाणी आणून देतो, अशी ती तक्रार होती. पैगंबरांनी त्या मुलाला त्याचे वडील आणि आई दाखवून, ज्याचा हात धरावासा वाटेल त्याचा धर, असे सांगितले. मुलाने आईचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली.

शाफई फकिहांनी या रिवायतीवर आपले मत उभारले : जाणत्या मुलाला किंवा मुलीला निवड द्यावी. यालाच तखयीर म्हणतात. हंबली मतानुसार ही निवड मुलाला मिळते, मुलगी सात वर्षांनंतर वडिलांकडे जाते. हनफी फकिहांनी तखयीर मान्य केली नाही. त्यांच्या मते मुलगा सुमारे सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, पुढे वडिलांकडे जाते. ‘हिदाया’कार मर्गिनानी यांनी याचे कारण दिले आहे. मुलाची समज अपुरी असते, त्यामुळे जिथे आराम आहे आणि खेळायला मोकळीक आहे तेच घर तो निवडील. रिवायतीतील मुलाने योग्य निवड केली ती पैगंबरांच्या दुआमुळे, असेही ते म्हणतात.

कोकणी मुसलमान, भटकळचे नवायत आणि हैदराबादच्या बारकस वस्तीतील अरब वंशाची कुटुंबे परंपरेने शाफई आहेत. दख्खनमधील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. म्हणजे ही दोन्ही मते आपल्या शेजारीपाजारी नांदत आलेली आहेत. गोव्यात मात्र १९३७ चा शरियत कायदा लागू नाही, तेथे कौटुंबिक बाबतीत पोर्तुगीज काळातील दिवाणी संहितेचा वारसा चालत आला आहे.

इमाम नववी यांच्या ‘मिनहाजुत्‌ तालिबीन’ या शाफई ग्रंथातील या विषयाचे बारकावे विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. मुलाने आधी एकाला निवडले आणि नंतर दुसऱ्याला, तर त्याला दुसऱ्याकडे पाठवावे. त्याने दोघांनाही निवडले तर चिठ्ठी टाकावी. कोणालाच निवडले नाही तर आईला प्राधान्य द्यावे. मुलाने आईला निवडले तर रात्री त्याने आईकडे राहावे आणि दिवसा वडिलांकडे, म्हणजे त्यांनी त्याच्या शिक्षणाकडे किंवा हुन्नराकडे लक्ष द्यावे. त्याने वडिलांना निवडले तर त्यांनी त्याला आईच्या भेटीपासून रोखू नये. मुलीच्या बाबतीत आईने येऊन भेटावे, तिला दारातून परत पाठवू नये. मूल आजारी पडले तर शुश्रूषेचा पहिला हक्क आईचा. यातील मुलगा-मुलगी हा भेद आजच्या वाचकाला खटकेल आणि तो खटकावाही. तथापि मूल ‘दोघेही’ असे उत्तर देऊ शकते आणि त्याचे उत्तर उद्या बदलू शकते, हे तेराव्या शतकातील एका फकिहाने गृहीत धरले होते, ही बाब महत्त्वाची आहे.

भारतीय कायद्यात हाच प्रश्न १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात येतो. त्याच्या कलम १७ नुसार अज्ञान मुलाचे हित हा मुख्य निकष आहे आणि त्याचा व्यक्तिगत कायदाही पाहायचा आहे. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय त्या पसंतीचा विचार करू शकते, असे त्याच कलमाचे तिसरे उपकलम म्हणते. ‘करू शकते’ हे शब्द येथे ध्यानात घ्यावे लागतात. पसंती बंधनकारक नाही. मुले ही आईवडिलांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच स्पष्ट केले होते. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारावे कलम मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा हक्क देते. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला.

प्रत्यक्ष निकालांत या पसंतीला किती वजन मिळते? २००८ सालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी दहा वर्षांच्या मुलाशी बोलून त्याला वडिलांकडे राहू दिले आणि आईला भेटीचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रकरणात आजी-आजोबांकडे असलेल्या मुलाचे मन खालच्या न्यायालयांनी जाणून घेतले नाही, याबद्दल न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. २०१७ सालच्या प्रकरणात मात्र वडिलांकडे राहू इच्छिणाऱ्या सुमारे आठ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडे दिला गेला. ती दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून वडिलांकडेच वाढली होती. आईच्या सहवासाची संधीच न मिळालेल्या मुलीची पसंती खरी पसंती मानता येत नाही, असा त्यामागचा विचार होता.

‘हिदाया’तील शंका आणि २०१७ च्या निकालातील शंका यांत आठ शतकांचे अंतर आहे, पण मूळ एकच आहे : मूल जे बोलते ते त्याचे स्वतःचे असते का? या शंकेचे उत्तर देणे कायद्याला अवघड जाते. कलाकृती या शंकेच्या आत शिरू शकते, म्हणून आता तिकडे वळू.

न विचारलेले मूल : खडूचे वर्तुळ

ब्रेख्त यांनी हे नाटक १९४४ साली लिहिले. त्याचे मूळ एका जुन्या चिनी नाटकात आहे. दोन स्त्रिया एकाच मुलावर हक्क सांगतात आणि न्यायाधीश युक्तीने खरी आई ओळखतो, ही कथा हजरत सुलैमान (अ.) यांच्या संदर्भात बायबलमध्ये आणि हदीसमध्येही आली आहे. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ब्रेख्तचे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले आणि विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर उभे केले. मराठीच्या प्राध्यापकांना ते परिचित आहे.

जुन्या कथेत जन्मदात्री हीच खरी आई ठरते. ब्रेख्तने ही बाजू उलटवली. राज्यपालाची पत्नी बंडाच्या धामधुमीत कपडे गोळा करण्यात गुंतते आणि मुलाला टाकून पळते. स्वयंपाकघरातील मोलकरीण ग्रुशा त्या मिखाएलला जिवावर उदार होऊन वाढवते. पुढे वारसाहक्काच्या मालमत्तेसाठी जन्मदात्रीला मुलगा हवा होतो. अझदाक हा विक्षिप्त न्यायाधीश खडूने वर्तुळ काढतो, मुलाला मध्ये उभे करतो आणि दोघींना त्याला ओढायला सांगतो. ग्रुशा हात सोडते, पुन्हा ओढायला सांगितले तरी पुन्हा सोडते. अझदाक मूल तिच्या हवाली करतो.

संगोपन करणाऱ्याचा हक्क जन्माच्या हक्काहून मोठा, हा नाटकाचा विचार आहे. हिजानतीच्या कल्पनेलाही तो परका नाही, कारण हिजानतीचा सारा भर सांभाळण्याच्या कामावर आहे. परंतु न्यायालयाच्या या प्रसंगात मिखाएलला कोणी काही विचारत नाही. तो वर्तुळात उभा असतो आणि त्याचे दोन हात दोन बाजूंना ओढले जातात. परीक्षा मोठ्यांची आहे, पण ती त्याच्या शरीरावर घेतली जाते. प्रेक्षक निकालाने सुखावतो आणि ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते.

याला दोष म्हणावे का? नाटकाच्या चौकटीत म्हणता येणार नाही. ब्रेख्तला बोधकथा सांगायची आहे आणि बोधकथेत मूल हे दरीसारखे किंवा जमिनीसारखे, कोणाच्या तरी स्वाधीन करण्याचे, असते. नाटकाच्या प्रास्ताविक प्रसंगात एका दरीच्या मालकीचा वाद आहे आणि दरी ती कसणाऱ्यांना मिळावी असा त्याचा रोख आहे. मूल आणि जमीन यांची ही तुलनाच नाटकाची मर्यादा दाखवते. जमिनीला मन नसते. अझदाकचा निकाल योग्य आहे, तरीही तो मुलाला वगळून लागलेला निकाल आहे. शिवाय ग्रुशासारखी एक बाजू सर्वस्वी चांगली असेल तेव्हाच असा निकाल शक्य होतो. बहुतेक घरांत दोन्ही हात सोडायला तयार नसलेले, आणि दोन्ही हात प्रेमाचेच असतात.

बोललेले मूल : आपका बंटी

१९७१ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘आपका बंटी’ मध्ये हीच परिस्थिती आहे. शकुन महाविद्यालयाची प्राचार्य आहे. अजय कलकत्त्याला आहे. दोघेही वाईट नाहीत आणि दोघांनाही मुलगा हवा आहे. घटस्फोट होतो तो न्यायालयातील भांडणाने नव्हे, तर वकीलचाचांच्या मध्यस्थीने आणि कागदावरील सहीने. भेटीची व्यवस्थाही सभ्य आहे. वडील खेळणी पाठवतात, गावात आले की सर्किट हाउसवर उतरतात आणि बंटी तिथे त्यांना भेटायला जातो.

या सभ्य व्यवस्थेत मुलाचे काय होते, ते लेखिकेने बंटीच्या नजरेने दाखवले आहे. एका घरातून दुसरीकडे जाताना तो नुसता मुलगा राहत नाही, तो निरोप्या होतो. वडिलांना आईविषयी कुतूहल आहे, आईला वडिलांविषयी. परत आल्यावर त्याच्याकडून तिथल्या गोष्टी काढून घेतल्या जातात आणि कोणापुढे काय बोलायचे हे तो हळूहळू शिकतो. बंटी हा अजयपर्यंत पोहोचण्याचा दुवा आहे आणि त्याला दुखावण्याचे साधनही आहे, हे शकुनला स्वतःला जाणवते. ती जाणीव लेखिकेने लपवलेली नाही. भेटीचा हक्क कागदावर आईवडिलांपैकी एकाचा असतो, मात्र भेटीचा भार मूल वाहते. ही गोष्ट हिंदीत इतक्या बारकाईने क्वचितच लिहिली गेली असेल.

शकुन डॉ. जोशींशी विवाह करते. त्या घरात त्यांची दोन मुले आधीच आहेत. बंटीला तिथे स्वतःची जागा सापडत नाही, तो हट्टी आणि चिडका होतो. अखेर त्याला वडिलांकडे पाठवण्याचे ठरते आणि तोही जाईन म्हणतो. कोणी त्याचे हे बोलणे नोंदवले असते तर ती एका जाणत्या मुलाची स्पष्ट पसंती ठरली असती. वाचकाला मात्र ठाऊक असते की त्याला हवे आहे ते आईने अडवणे. ‘जाईन’ हा शब्द तो आईला हलवून पाहण्यासाठी वापरतो. आई अडवत नाही, कारण ती त्याच्या इच्छेचा मान राखत असते. त्यातून पुढे कलकत्ता, तिथे वडिलांची दुसरी पत्नी आणि लहान मूल, आणि शेवटी वसतिगृह. ज्याला दोघे हवे होते त्याच्या वाट्याला दोघांपैकी कोणीच येत नाही.

कलम १७ मधील ‘समजून-उमजून सांगितलेली पसंती’ या शब्दांवर ही कादंबरी मोठे प्रश्नचिन्ह लावते. बंटीला समज कमी नाही. मोठ्यांच्या चेहऱ्यावरून त्याला पुष्कळ कळते. अडचण अशी की त्याच्यापुढे ठेवलेल्या दोन पर्यायांत त्याचा पर्यायच नाही. ‘मिनहाज’ मध्ये दोघांनाही निवडणाऱ्या मुलाची नोंद आहे, पण त्यावरचा उपाय चिठ्ठी हाच आहे. बंटीच्या बाबतीत कोणी चिठ्ठीही टाकत नाही. त्याच्या रागाला त्याचा निर्णय मानले जाते.

या कादंबरीचे एक रूढ वाचन वर्गात वारंवार ऐकू येते. नोकरी करणाऱ्या, महत्त्वाकांक्षी आईमुळे मुलाची ही गत झाली, असे ते वाचन आहे. ते टिकणारे नाही. कादंबरीत शकुनच्या मनाला भरपूर जागा आहे आणि अजयच्या मनाला फार कमी, म्हणून तिचे दोष अधिक दिसतात. बारकाईने दाखवलेल्या व्यक्तीलाच वाचक दोषी धरतो आणि न दाखवलेली व्यक्ती सुटते. येथे रचनेची एक उणीवही मान्य करावी लागते. कलकत्त्याच्या भागाला तुलनेने कमी विस्तार मिळाला असल्यामुळे वडिलांच्या घरातील बंटीचे एकाकीपण वाचकाला शकुनच्याच निर्णयाचा परिणाम वाटते. कादंबरी शिकवताना हा तोल शिक्षकाने सांभाळला पाहिजे. दोषी कोण, या प्रश्नात अडकलेला वर्ग बंटीकडे पाहायचे विसरतो.

विचारलेली मुलगी : जुदाई

२०११ साली प्रदर्शित झालेला फरहादी यांचा चित्रपट ‘अ सेपरेशन’ या इंग्रजी नावाने जगभर पोहोचला. बर्लिन महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली ऑस्करही मिळाले. सीमीनला देश सोडायचा आहे. नादिरला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सोडून जाता येत नाही. त्यांची मुलगी तरमेह अकरा वर्षांच्या आसपासची आहे. आई माहेरी जाते, मुलगी वडिलांकडे राहते.

ही तिची पसंती आहे का? वरवर पाहता तसे वाटते. चित्रपट पुढे सरकतो तसे कळते की आई आपल्याला सोडून देशाबाहेर जाणार नाही हे मुलीला ठाऊक आहे. म्हणून वडिलांकडे राहणे हा तिच्या दृष्टीने घर एकत्र ठेवण्याचा मार्ग आहे. ती दोघांपैकी एकाला निवडत नाही, दोघांना एकमेकांपासून दूर जाऊ न देण्याचा प्रयत्न करते. बंटी आणि तरमेह यांची इच्छा येथे एकच आहे. फरक असा की बंटी रुसतो आणि तरमेह जबाबदारी उचलते.

दरम्यान नादिरवर फौजदारी प्रकरण उभे राहते. घरकामाला येणाऱ्या राजिया या स्त्रीचा गर्भपात होतो आणि ती गर्भवती आहे हे त्याला माहीत होते की नाही, यावर प्रकरण ठरणार असते. त्याला माहीत होते, हे मुलीला उमगते. न्यायाधीश तिला विचारतो तेव्हा ती वडिलांना वाचवण्यासाठी खोटे बोलते. परतताना गाडीत ती रडते. चित्रपटातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणावा लागेल. तिला कोणी धमकावलेले नाही, उत्तर पढवलेलेही नाही. तरीही ती जे बोलते ते खरे नाही. न्यायालये पढवलेल्या मुलाबद्दल सावध असतात. प्रेमापोटी स्वतःच उत्तर तयार करणाऱ्या मुलाबद्दल सावध राहणे अधिक कठीण आहे. २०१७ च्या निकालात चर्चिलेला, एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याचा प्रकार येथे नाही. येथे मूल स्वतःहून पालकाचे पालक झाले आहे.

या चित्रपटात एक शिक्षिकाही आहे, तरमेहला घरी शिकवायला येणारी. ती नादिरच्या बाजूने साक्ष देते आणि पुढे आपले म्हणणे बदलते. विद्यार्थिनीच्या घरातील भांडणात शिक्षक कसा ओढला जातो आणि चांगल्या हेतूने बोललेले वाक्यही कसे अंगावर येते, हे त्यातून दिसते. आपल्या वाचकवर्गाने हा धागा जरूर पाहावा.

शेवटच्या प्रसंगात न्यायाधीश तरमेहला विचारतो, ठरले का? ती ठरले म्हणते, पण आईवडिलांसमोर सांगत नाही. दोघांना बाहेर पाठवले जाते. ते मार्गिकेत एकमेकांपासून दूर, काचेच्या दाराच्या दोन बाजूंना थांबतात आणि चित्रपट संपतो. इराणच्या दिवाणी संहितेनुसार, २००३ सालच्या दुरुस्तीनंतर, सात वर्षांपर्यंत ताब्यात आईला प्राधान्य आहे, आणि मूल कायद्याच्या दृष्टीने वयात आल्यावर ते स्वतः निवड करू शकते. त्यामुळे हा प्रश्न चित्रपटासाठी रचलेला नाही, तेथील न्यायालयात प्रत्यक्ष विचारला जाणारा आहे.

उत्तर न दाखवणे ही केवळ उत्सुकता वाढवण्याची युक्ती आहे, असा आक्षेप घेता येईल. तो ग्राह्य वाटत नाही. याच मुलीचे एक उत्तर प्रेक्षकाने न्यायालयात ऐकले आहे आणि ते खरे नव्हते हे त्याला माहीत आहे. दुसरे उत्तर ऐकवले असते तरी तो त्यावर कितपत विश्वास ठेवणार? शिवाय उत्तर कळले असते तर प्रेक्षकही कोण जिंकले याची मोजदाद करू लागला असता. दिग्दर्शक ते उत्तर मुलीजवळ राहू देतो. चित्रपटाची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. राजियाची लहान मुलगी सुमैया हिने या सर्व गोष्टी पाहिल्या आहेत. तिच्या घरी गरिबी आहे, वडिलांचा संताप आहे. तिला काय हवे, हे मात्र कोणी विचारत नाही आणि चित्रपटही तिच्याजवळ फार थांबत नाही. ज्यांच्याकडे वकील आणि वेळ आहे त्यांच्याच मुलांचा कौल घेतला जातो, हे कटू सत्य त्यातून नकळत सूचित होते.

तौलनिक विचार

तिन्ही कलाकृती एकत्र ठेवल्या असता काही मुद्दे हाती लागतात.

पहिला मुद्दा इच्छेच्या स्वरूपाचा. बंटी आणि तरमेह यांची खरी इच्छा दोघांपैकी कोणी एक नाही. ‘कोणाकडे?’ हा प्रश्न ती इच्छा नोंदवूच शकत नाही. लोकप्रिय हिंदी चित्रपटाने या इच्छेला वेगळे उत्तर दिले आहे. ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ या १९७९ च्या अमेरिकी चित्रपटात मुलाला साक्षीसाठी उभे करावे लागेल म्हणून वडील अपिलाचा विचार सोडून देतात. त्यावर बेतलेल्या ‘अकेले हम अकेले तुम’ या १९९५ च्या हिंदी चित्रपटात शेवटी आईवडील पुन्हा एकत्र येतात. मुलाची इच्छा पूर्ण झाल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळते. परंतु जिथे आईवडील एकत्र येणार नाहीत अशा घरातील मुलाला हा शेवट काहीच देत नाही. उलट आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत, अशी अपराधी भावना त्याच्या मनात रुजू शकते.

दुसरा मुद्दा काळाचा. मुलाची पसंती एकदा घेतली की ती कायमची, असे गृहीत धरले जाते. बंटीचे एका चिडक्या क्षणातील ‘जाईन’ त्याचे सारे आयुष्य ठरवते. मन बदलले तर मुलाला दुसऱ्याकडे जाऊ द्यावे, हा ‘मिनहाज’ मधील नियम या बाबतीत अधिक समंजस आहे. भारतीय न्यायालयांतही ताब्याचा आदेश अंतिम मानला जात नाही, परिस्थिती बदलल्यास तो बदलता येतो. प्रत्यक्षात मात्र न्यायालयाची पायरी पुन्हा चढणे मुलाच्या हातात नसते.

तिसरा मुद्दा भेटीचा. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याशी नाते टिकणे हा मुलाचा हक्क आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबरच दूरध्वनी आणि चित्रसंवादाद्वारे संपर्काचाही आग्रह धरला. २०१५ च्या विधी आयोगाच्या अहवालाने संयुक्त ताब्याचा विचार मांडला. रात्र आईकडे आणि दिवस वडिलांकडे ही जुनी फिकही व्यवस्था या विचारापासून फार दूर नाही. भेट नियमित आणि निर्धास्त असेल तर ‘कोणाकडे?’ या प्रश्नाची धार आपोआप कमी होते. एकाला निवडणे म्हणजे दुसऱ्याला गमावणे, ही भीती उरत नाही. बंटीच्या भेटींत ही निर्धास्तता नाही, कारण प्रत्येक भेटीनंतर चौकशी आहे.

चौथा मुद्दा विचारण्याच्या पद्धतीचा. विहिरीचे पाणी आणून देणाऱ्या मुलाची रिवायत पुन्हा वाचली तर एक गोष्ट जाणवते. आईने आपले म्हणणे मांडताना प्रेमाचा दावा केलेला नाही, मुलाच्या रोजच्या जगण्यातील एक तपशील सांगितला आहे. मुलाचे मन अशा तपशिलांतून कळते. शाळेला कोण सोडते, ताप आला तर रात्री कोण जागते, कोणत्या घरी मित्र आहेत, कुठे भीती वाटते, या प्रश्नांची उत्तरे देताना मुलाला कोणाला दुखावावे लागत नाही. त्या उत्तरांवरून निर्णय घेण्याचे ओझे मात्र मोठ्यांनी उचलावे लागते आणि तेच टाळण्यासाठी अनेकदा मुलाचा कौल मागितला जातो. अर्थात मारहाणीची किंवा छळाची भीती मूल सांगत असेल तर ते बोलणे सर्वांत आधी आणि गंभीरपणे ऐकले पाहिजे. २००८ च्या दुसऱ्या प्रकरणातील मुलाचे वडील त्याच्या आईच्या मृत्यूप्रकरणी आरोपी होते. अशा मुलाची नाराजी ही केवळ पसंती-नापसंती नसते.

निष्कर्ष

ब्रेख्तच्या नाटकात न्याय मिळतो, पण मूल मुके राहते. ‘आपका बंटी’ मध्ये मूल बोलते आणि त्याच्या शब्दांचा शब्दशः अर्थ लावल्यामुळे त्याचे नुकसान होते. ‘जुदाई’ मध्ये मुलीला बोलण्याची जागा मिळते आणि तिचे उत्तर तिच्या आईवडिलांपासून व आपल्यापासूनही राखले जाते. या क्रमाने पाहता, मुलाला विचारू नये असा निष्कर्ष निघत नाही. हनफी फकिहांची शंका रास्त आहे आणि शाफई फकिहांनी मुलाला दिलेला मानही रास्त आहे. मुलाला एकांतात विचारावे, एकापेक्षा अधिक वेळा विचारावे, त्याच्या जगण्याविषयी विचारावे, त्याचे उत्तर दुसऱ्या पक्षाच्या हाती शस्त्र म्हणून देऊ नये आणि निर्णय आपण घेतला आहे हे मोठ्यांनी मुलाला स्पष्ट सांगावे, एवढा बोध या कलाकृतींतून आणि शास्त्रचर्चेतून मिळतो.

महाविद्यालयीन शिक्षकाला या विषयाचा संबंध दोन ठिकाणी येतो. एक म्हणजे अभ्यासक्रमात, कारण यांपैकी काही कृती वर्गात शिकवल्या जातात. दुसरा समाजात. तंटा मिटवायला बसलेल्या मंडळींत शिकलेला माणूस म्हणून शिक्षकाला बोलावले जाते आणि मूल समोर आणून उभे केले की सर्वांची नजर त्याच्याकडे वळते. त्या वेळी ‘बेटा, तुला कोण हवे?’ असे विचारण्याचा मोह टाळला, मुलाला आधी बाहेर खेळायला पाठवले आणि नंतर त्याच्याशी निवांत बोलले, तर ‘आपका बंटी’ शिकवण्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल. वर्गातील मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थीही याच प्रश्नाला सामोरा गेलेला असू शकतो. आई चूक की वडील चूक, अशी चर्चा वर्गात रंगते तेव्हा त्याला पुन्हा एकदा कौल द्यावा लागतो, याचे भान राखणे शिक्षकाकडून अपेक्षित आहे.